दाराचा खांब

होटगी रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर माझी नव्याने उभी केलेली जुनी विलायती मोटार, एमजी टीसी, रांगेत उभी होती, तेव्हा मागच्या गाडीतून एक गृहस्थ उतरले आणि तिच्याभोवती सावकाश फिरून आले. बोलण्यावरून ते जाणकार वाटत होते. तारांची उंच चाके, पुढे आडवी करता येणारी समोरची काच, मागच्या उभ्या टाकीवर बांधलेली स्टेपनी हे सगळे त्यांनी नीट न्याहाळले आणि मग अगदी आपुलकीने विचारले, "कुठून करून आणलीत? पुण्याहून की कोइमतूरहून?" मी म्हणालो, "इथेच केली." "इथे म्हणजे?" "सोलापुरात. घराच्या पोर्चमध्ये." त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाले, "सांगायचं नसेल तर राहू द्या." तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि आमचे बोलणे तिथेच राहिले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण ते स्वतः सोलापूरचेच होते, त्यांच्या बोलण्यातला हेल लपत नव्हता, आणि मला खुपले ते हेच. परक्या गावच्या माणसाने अशी शंका घेतली असती तर मी ती घरी येईपर्यंत विसरलोही असतो.

रांग सरकली नसती तर मी त्यांना दाराचा खांब दाखवला असता. या गाडीची चासी, म्हणजे खालची चौकट, पोलादी असली तरी वरचे सगळे शरीर लाकडी सांगाड्यावर उभे आहे. १९४५ ते १९४९ या काळात अॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा सुमारे १०,००० टीसी बाहेर पडल्या, आणि त्यांच्या पत्र्याखाली अॅश नावाच्या विलायती झाडाचे लाकूड आहे. पत्रा त्या लाकडावर वळवून कडेने बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. तिची दारे आजच्या गाड्यांच्या उलट उघडतात. बिजागऱ्या मागच्या बाजूला असल्यामुळे दाराचा सगळा भार मागच्या खांबावर येतो, आणि त्या खांबाचा पाय मागच्या चाकाच्या अगदी पुढ्यात आहे. चाकाने उडवलेले पाणी आणि माती आत शिरून तिथे साचते, वरून काहीच दिसत नाही, आणि लाकूड आतल्या आत पोकळ होत जाते. गाडी माझ्याकडे आली तेव्हा दार उघडले की ते दोन बोटे खाली बसायचे, आणि लावताना हाताने उचलून धरावे लागायचे. पत्रा सोडवल्यावर खांबाच्या तळाचा भाग माझ्या बोटांत चुरडला गेला. त्याला बुरशीचा आणि कितीतरी वर्षांच्या ग्रीसचा मिश्र वास येत होता.

ही गाडी मी लहानपणी पाहिलेली होती. माझे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, आणि गिरणीतले एक विलायती इंजिनियर ती वापरत असत. स्वराज्य येऊन बरीच वर्षे झाली होती, तरी यंत्रांच्या देखभालीसाठी असे एखाद-दुसरे साहेब गिरण्यांतून अजून टिकून होते. दुपारी भोंगा झाला की आई मला डबा घेऊन गेटपाशी पाठवायची. पांढऱ्या तंतूंनी केस माखलेली माणसे त्या गेटमधून बाहेर येत, आणि कधी कधी त्या गर्दीच्या मधून ही बुटकी, लांब नाकाची गाडी वाट काढत निघे. तिचा आवाज मला आजही तसाच्या तसा आठवतो. पुढे साहेब मायदेशी गेले, गाडी गिरणीतल्याच एका अधिकाऱ्याकडे आली, त्यांच्या मागे ती त्यांच्या जुन्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली, आणि वाडा पाडायचा ठरला तेव्हा त्यांच्या मुलांनी ती मला देऊ केली. मी तोवर बँकेतून निवृत्त झालो होतो. घरात कोणीही मला अडवले नाही. पत्नीने फक्त पोर्चमधल्या तुळशीची जागा बदलून घेतली.

त्या गेटपाशी मी आणखी एक गोष्ट पाहिलेली आहे, आणि गाडीविषयी लिहिताना ती वगळणे मला जमणार नाही. गाडी येताना दिसली की वडील सायकलवरून उतरून बाजूला उभे राहत. तसा काही नियम नव्हता, आणि साहेबांनाही त्याची अपेक्षा असावी असे वाटत नाही. बहुधा ते अंगवळणी पडलेले होते. ज्या गावाने १९३० सालच्या मे महिन्यात इंग्रजी अंमल काही दिवस अक्षरशः उधळून लावला, ज्या गावावर त्यासाठी मार्शल लॉ लादला गेला, ज्या गावच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले, त्या गावातला एक स्वाभिमानी कामगार एका छोट्या विलायती गाडीला वाट देण्यासाठी सायकलवरून उतरत होता. माझी गाडी १९४८ सालची, म्हणजे स्वराज्यातली आहे. तरीही चार हुतात्मा चौकातून ती नेताना माझ्या मनात काही तरी अवघडते. तिच्यावर माझे प्रेम आहे आणि ते अवघडलेपणही खरे आहे. या दोहोंपैकी एकाने दुसऱ्याला आजवर खोडून काढलेले नाही, आणि तसे व्हावे असा आग्रहही मी आता धरत नाही.

वडील हयात असते तर त्यांनी आधी इंजिनचे झाकण उघडायला लावले असते.

खांबासाठी मी ज्या सुताराकडे गेलो ते शहराच्या पूर्व भागात राहतात. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग बनवण्याचे काम होते. घरात तेलुगू, गिऱ्हाइकांशी मराठी आणि लेथवाल्याशी कानडी अशा तीन भाषा ते एका वाक्यातही सहज बोलतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. कुजलेला खांब मी पिशवीत घालून नेला होता, आणि नवा करून झाला की तो फेकून द्यावा एवढाच माझा हिशेब होता. अण्णांनी तो वर्तमानपत्रावर ठेवला, चुरा झालेला भाग जागच्या जागी जुळवला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी खांबाची आतली, पत्र्याला न लागणारी बाजू उन्हात धरली. तिच्यावर शिसपेन्सिलीची एक तिरकी रेघ आणि एक आकडा होता, सत्तर-पंचाहत्तर वर्षे अंधारात राहिल्यामुळे तो अजून वाचता येत होता. त्या रेघेशेजारी रंध्याच्या पात्याचे उथळ ओरखडे होते. त्यांवरून अण्णांनी अंगठा फिरवला, एकदा इकडून आणि एकदा तिकडून, आणि म्हणाले, "ह्यो माणूस डावरा होता बगा." मी विचारले, हे कसे कळले? त्यांनी आपला रंधा माझ्या हातात दिला, एका फळकुटावर मला तो मारायला लावला आणि माझे ओरखडे कोणत्या बाजूला झुकतात ते दाखवले. विलायतच्या खांबावरचे ओरखडे बरोबर उलट्या बाजूला झुकलेले होते. अॅबिंग्डनच्या गाडीवर आजवर जे काही मी वाचले आहे, त्यात तिचे सांगाडे जोडणाऱ्या कामगारांविषयी इतके जवळचे वाक्य मला कुठेही सापडलेले नाही.

मग लाकडाचा प्रश्न आला. अॅश इथे मिळत नाही. ते लवचिक लाकूड आहे, आणि या गाडीला त्या लवचिकपणाची गरज असते, कारण तिची चासी रस्त्याप्रमाणे थोडी पिळते आणि वरच्या सांगाड्याला तिच्याबरोबर पिळावे लागते. अण्णांना हे मी शब्दांनी सांगत होतो, पण त्यांना ते पाहायचे होते. ते घरी आले, एका चाकाखाली जॅक लावायला सांगितला, आणि चाक उचलले जात असताना दार आणि खांब यांच्यातली फट वरच्या बाजूला कशी रुंदावते आणि खालच्या बाजूला कशी आवळते हे गुडघे टेकून बघत राहिले. "मागाचं बी असंच असतंय," ते म्हणाले. "धोटा फेकला की समदा माग हलतोय. हलू द्यायचा. सांधा तेवढा हलला न्हाई पायजे." दिवसभर फणीचे ठोके सोसणारा लाकडी माग वर्षानुवर्षे सैल होऊ नये म्हणून जी युक्ती त्यांच्या आजोबांनी वापरली, तीच त्यांनी इथे वापरली: नुसत्या डिंकावर भिस्त न ठेवता खोल खाच, तिच्यात घट्ट बसणारी जीभ आणि ती आवळून धरणारे पितळी स्क्रू. लाकूड त्यांनी सागवान निवडले, पण वखारीतले नवे नको म्हणाले. ज्या वाड्यात गाडी पडून होती त्याच वाड्याच्या पाडकामातून निघालेली एक तुळई त्यांनी जाऊन पसंत केली. सोलापूरच्या कोरड्या हवेत कित्येक दशके छप्पर पेलून ती इतकी मुरलेली होती की पुढे आक्रसण्याचे भय उरले नव्हते. ती कापताना करवतीखालून निघालेल्या भुशाला ताज्या सागाचा, किंचित चामड्यासारखा वास आला. इतक्या जुन्या लाकडात तो वास शिल्लक असेल असे मला वाटले नव्हते. सागातल्या तेलामुळे डिंक धरत नाही, म्हणून सांधा जुळवण्याच्या ऐन वेळी त्यांनी दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून घेतले. नवा खांब बसल्यावर दार एका बोटाने लागले, आणि लागताना एकच, भरीव आवाज झाला. जुना खांब त्यांनी मला फेकू दिला नाही. तो त्यांच्या कामाच्या जागी, मागाच्या साच्यांशेजारी टांगलेला आहे.

इंजिनाची हकिगत वेगळी आहे आणि ती आटे या एका गोष्टीभोवती फिरते. टीसीचे इंजिन १२५० सीसीचे, चार सिलिंडरांचे. ते मॉरिसच्या कव्हेंट्रीतल्या ज्या कारखान्यात बनले तो मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो विकत घेतला. यंत्रे फ्रेंच मापाची, म्हणून बोल्टचे आटे मिलिमीटरचे राहिले. पण इंग्लंडमधल्या मेकॅनिककडे पाने इंचाचे, म्हणून त्याच बोल्टची डोकी विटवर्थ या इंग्रजी इंची मापाची ठेवली गेली. शिवाय कित्येक बोल्ट आठ मिलिमीटर जाडीचे असूनही त्यांच्या आट्यांतले अंतर एकच मिलिमीटर आहे, आणि बाजारातल्या आठच्या बोल्टला ते सव्वा असते. डोके पाहून बोल्ट घ्यावा तर आत बसत नाही, आटा पाहून घ्यावा तर मूळचा पाना लागत नाही. अशा बोल्टसाठी लोक परदेशातून पार्सल मागवतात, आणि मीही काही वस्तू तशा मागवल्या आहेत, कारण इंजिनाच्या आतल्या बेअरिंगच्या बाबतीत हट्ट करण्यात अर्थ नसतो. बोल्ट मात्र अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवर झाले. तो लेथवाला आयुष्यभर यंत्रमागाचे सुटे भाग करत आलेला आहे. आपल्याकडचे साधे यंत्रमाग लँकेशायरच्या धर्तीचे, त्यामुळे विटवर्थ आटा त्याला शिकवावा लागत नाही. आट्याचा कोन विटवर्थचा पंचावन्न अंशांचा की मिलिमीटरचा साठ अंशांचा हे तो नखाने चाचपून सांगतो. मँचेस्टरच्या जोसेफ विटवर्थ यांनी १८४१ मध्ये जे माप ठरवून दिले, ते आज खुद्द इंग्लंडात जुन्या वस्तूंच्या हौशी लोकांपुरते उरले असेल, पण सोलापुरात त्याच्यावर अजून पोट भरणारी माणसे आहेत. "विटवर्थचं डोकं, आत एक एमएमचा आटा," एवढे सांगितल्यावर त्याने आणखी काही विचारले नाही. लेथ सुरू झाला, पोलादाची निळसर, तापलेली कुरळी कातण खाली पडत गेली, आणि चहा येईपर्यंत पहिला बोल्ट माझ्या हातात होता. तो गरम होता, आणि इंजिनच्या ब्लॉकमध्ये बोटांनीच शेवटपर्यंत फिरला.

चाकांचे काम एका सायकलवाल्याने केले. टीसीच्या चाकाला अठ्ठेचाळीस तारा असतात आणि बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या खालच्या तारा सैल पडतात. त्याने चाक धुऱ्यावर चढवले, खडूचे टोक कडेशी धरले, चाक फिरवले आणि जिथे खडू लागला तिथल्या तारा एकेक वळसा घेत आवळत आणि सोडत तो आऊट काढत गेला. मध्येच तो बोटाने तार छेडून तिचा सूर ऐके. त्याला हे चाक गाडीचे आहे याचे काही विशेष वाटले नाही; जरा जाड तारांचे आहे एवढीच त्याची टिप्पणी होती.

कार्बोरेटर मात्र मी आणि पत्नीने मिळून जुळवले, आणि या सगळ्या कामातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग तोच आहे. या इंजिनला एसयू जातीचे दोन कार्बोरेटर आहेत आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाही तर इंजिन लंगडत चालते. त्यासाठी आता उपकरणे मिळतात. जुनी पद्धत अशी की रबरी नळीचे एक टोक कानाशी धरायचे, दुसरे टोक आधी एका आणि मग दुसऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी न्यायचे, आणि आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. माझा उजवा कान आता पूर्वीसारखा तीक्ष्ण राहिलेला नाही. पत्नीने आयुष्यभर शाळेत संगीत शिकवले आहे. पहाटे, रस्त्यावर वाहने सुरू होण्याआधी, आम्ही पोर्चमध्ये उभे राहत असू. किल्ली फिरवली की आधी एसयूचा विजेचा पंप टिकटिक करू लागतो. कार्बोरेटर पेट्रोलने भरले की ती टिकटिक मंदावते आणि थांबते, आणि ती थांबली की सगळे ठीक आहे असे समजावे. मग इंजिन सुरू करून ते पुरते तापू द्यायचे, कारण व्हॉल्व्हची फटसुद्धा ०.०१९ इंच ठेवायची असते ती गरम इंजिनवर. पत्नी नळी कानाला लावून डोळे मिटायची. "मागचा अजून उतरलेला आहे," ती म्हणायची, आणि मी पाव वळसा द्यायचो. एकदा तिने हात वर करून मला थांबवले, नळी पुन्हा पुढे आणि पुन्हा मागे नेली, आणि म्हणाली, "आता हात लावू नका." त्या क्षणी इंजिनचा आवाज बदलला, आणि गिरणीच्या गेटपाशी डबा घेऊन उभा असताना मी जो आवाज ऐकत होतो तोच तो होता.

पेट्रोलविषयी थोडे लिहायला हवे, कारण जुन्या गाड्यांच्या मालकांना सध्या तीच चिंता सर्वांत जास्त आहे. पंपावर आता जे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि माझ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये मूळच्या बुचाच्या लाकडाच्या चकत्या होत्या. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज धरायला लागतो. मी चकत्या आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या आहेत आणि उन्हाळ्यात टाकी कधी अर्धी ठेवत नाही. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी तर पेट्रोल नळीतच उकळू पाहते, म्हणून एप्रिल आणि मे महिन्यांत गाडी सूर्य वर यायच्या आत काढायची आणि आत आणायची. पण हे इथेनॉल येते कुठून? आमच्या जिल्ह्यातल्या उसातून. ज्या साखर कारखान्यांवर माझ्या आतेभावांची शेती उभी आहे, त्यांच्याच मळीतून ते निघते. त्यामुळे इथेनॉलविरुद्ध इतरांसारखी सरसकट तक्रार मला करता येत नाही. आतेभावाच्या उसाचे पैसे वेळेवर यावेत असेही मला वाटते आणि माझ्या कार्बोरेटरला त्रास होऊ नये असेही वाटते.

नूतनीकरण या गोष्टीविषयी माझे एक मत आहे, आणि ते पुष्कळांना पटत नाही. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत ज्या गाड्या बक्षिसे मिळवतात त्यांच्याकडे पाहिले की त्या कालच कारखान्यातून आल्याचा भास होतो. त्यांच्यामागचे कष्ट मोठे आहेत आणि मी त्यांचा आदर करतो. परंतु जिथे माणसाच्या हाताची खूण शिल्लक आहे तिथे ती पुसून टाकावी असे मला वाटत नाही. माझ्या गाडीच्या फळीवर चालकाच्या समोर इंजिनचे फेरे दाखवणारी तबकडी आहे आणि वेगाची तबकडी शेजारी बसणाऱ्याच्या समोर. अॅबिंग्डनहून ती अशीच आली. त्याच फळीवर ताशी तीस मैलांची मर्यादा ओलांडू नये म्हणून उजळणारा एक छोटा हिरवा दिवा आहे. वेगाच्या तबकडीची काच कडेला पिवळी पडलेली आहे. ती बदला, असे मला सगळे सांगतात. मी ती तशीच ठेवली आहे, कारण तिच्यातून अंक वाचता येतात आणि त्यापलीकडे काचेकडून माझी काही मागणी नाही. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने जे नियम केले, त्यांप्रमाणे अशा गाडीला व्हीए अक्षरांची स्वतंत्र मालिका मिळते, आणि रोजच्या कामासाठी किंवा व्यवसायासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. हे मला योग्यच वाटते. मात्र ती चालण्याजोगी असलीच पाहिजे. उभ्या गाडीचा खांब कुजतो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा विचार करताना मला हळूहळू एक गोष्ट उमगत गेली. त्यांना सोलापुरात कसबी माणसे नाहीत असे वाटत नव्हते. सोलापुरात काही होते हेच त्यांच्या मनातून निघून गेले होते. आमची मुले शिकतात आणि पुण्याला जातात. माझा मुलगा गेला, त्यांचाही गेला असेल. गिरण्यांच्या चिमण्या एकेक करून थंड झाल्या, भोंगे बंद झाले, आणि गावाने आपल्याविषयी बोलताना भूतकाळ वापरण्याची सवय लावून घेतली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे आणि तो असायलाच हवा. परंतु ती चादर ज्या मागावर विणली जाते तो माग घडवणारा सुतार, त्याचा बोल्ट पाडणारा लेथवाला यांची कुठे नोंद नाही. अण्णांच्या हाताखाली आता कोणी शिकत नाही. हातमागाचे काम वर्षातून क्वचित येते, एरवी ते फ्लॅटच्या स्वयंपाकघरांतली प्लायवूडची कपाटे करतात, आणि ती करताना त्यांना कुठेही खाच-जीभ पाडावी लागत नाही. लेथवाल्याच्या शेडमध्ये तीन यंत्रांपैकी एकच चालू असते, कारण नव्या बिनधोट्याच्या मागांचे भाग तयार खोक्यांतून येतात. मला त्या नव्या मागांशी वैर नाही. त्यांच्यावर काम करणाऱ्यांचे कान तरी शाबूत राहतात, माझ्या वडिलांचे राहिले नाहीत. पण ज्या हातांना एखादे अनोळखी लाकूड पाहून ते कोणत्या हाताने तासले हे कळते, असे हात तयार व्हायला तीन पिढ्या लागलेल्या आहेत. माझ्या पोर्चमध्ये त्यांनी जे काम केले ते उपकार म्हणून केलेले नाही. अण्णांनी खांबाचे पैसे रीतसर सांगितले, मी ते रीतसर दिले, आणि कडक भाकरी नि शेंगाचटणीचा डबा सोडून बसताना ते म्हणाले की असले काम आणखी असेल तर सांगा.

असे काम आहे. जिल्ह्यात आणि शेजारच्या विजापूर, गुलबर्गा भागांत अशा गाड्या, जुन्या मोटारसायकली, लाकडी सांगाड्याच्या जुन्या बसगाड्यांचे अवशेष ताडपत्र्यांखाली पडून आहेत, आणि त्यांचे मालक पुण्याच्या आणि कोइमतूरच्या दरांनी दबकून जाऊन त्यांना हात लावत नाहीत. त्यांतल्या दोघांना मी अण्णांकडे घेऊन गेलो. एकाच्या गाडीचे छताचे लाकूड अण्णांनी पाहून ठेवले आहे.

माझ्या गाडीचा टप अजून व्हायचा आहे. मूळच्या टपाच्या फक्त लोखंडी पट्ट्या आणि एक लाकडी आडवी काठी उरली आहे, कापड केव्हाच गेले. मार्केट यार्डाजवळ मालट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक मामा आहेत. त्यांनी गाडी स्वतः येऊन पाहिली, पट्ट्या उघडून आणि मिटवून दोन्ही वेळा माप घेतले, आणि मिटवताना कापड कुठे घडी घेईल तिथे दुहेरी शिवण मारावी लागेल असे सांगितले. मेण दिलेले जाड सुती कापड त्यांना हवे आहे, नायलॉनचे नको, कारण सुती कापड पावसात भिजले की दोरा फुगून शिवणीची भोके बुजतात. कापडाचा नमुना मागवला आहे. मागच्या खिडकीची रुंदी किती ठेवायची यावर आमचे अजून एकमत झालेले नाही, आणि मृग लागायच्या आत ते व्हायला हवे.